कासवाचा मान

परवा धाकट्या नातीने फोनवर सांगितलं, की तिच्या मुलाच्या बालवाडीची भिंत पांढरी करून टाकली. पोरांच्या आयांनी मिळून त्या भिंतीवर पोरांच्या आवडीची कार्टूनं रंगवली होती. ती कार्टूनं ज्या कंपनीच्या मालकीची, त्या कंपनीचं पत्र आलं. "आजी, पोरांच्या लाडक्या प्राण्यांना कसला आलाय मालक?" असं ती चिडून विचारत होती आणि मी हसत होते. तिला ते आवडलं नाही. तेव्हा का हसले ते तुम्हा सगळ्यांसाठी नीट क्रमाने लिहून ठेवते.

लग्न होऊन मी मुंबईहून मिठबावजवळच्या एका वाडीत आले. इंग्रजी शाळेत मॅट्रिक झालेली सून ही तिथे बघायला यायची गोष्ट होती. गावातल्या चौथीपर्यंतच्या मराठी शाळेत मास्तर टिकत नसत, म्हणून मला बोलावलं आणि दोन वर्षांत शाळा माझ्याच गळ्यात पडली. शाळेत मुलांच्या एका मासिकाचा एकच अंक यायचा. मुंबईहून बोटीने बंदरात, तिथून टपालाच्या पिशवीतून चालत. शनिवारी मी तो मोठ्याने वाचायची. त्यात एक पोस्टमन कासव होतं. डोक्यावर निळी टोपी, गळ्यात पिशवी, आणि प्रत्येक पत्र काम होऊन गेल्यावर पोचवायची खोड. लग्नाची पत्रिका बारशाला, बारशाचं बोलावणं मुंजीला. निम्मी घरं मुंबईच्या पत्राची वाट बघणारी, त्या गावात हे कासव लाडकं न होतं तरच नवल. "अरे मेल्या, पाय उचल!" असं अख्खी चौथी एका सुरात ओरडायची.

त्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनात कासवाचं नाटक करायचं ठरलं. कासव झाली चौथीतली एक मुलगी. तिच्या घरचे किनाऱ्यावरून रापण, म्हणजे समुद्रात पसरलेलं लांबलचक जाळं, ओढणारे. तिचा आवाज असा खणखणीत, की वर्गातून हाक मारली तर होडीतला माणूस मागे वळायचा. तिचं शाळेचं ते शेवटचं वर्ष होतं. जूनपासून आमच्या शाळेला पाचवी जोडणार होते, पण तिच्या आजोबांना मी तीनदा भेटले आणि तीनदा एकच उत्तर घेऊन आले.

"बाई, चेडवाक चौथी पुरे झाली. पाचवी शिकान सुक्या मासळेवरचे कावळे इंग्रजीत हाकलतली काय?"

म्हणजे रंगमंच म्हणून तिला एकच संध्याकाळ मिळणार होती. तिने आजीकडून नारळाचा झाप विणून घेतला, वाकवून त्याची पाठ केली आणि तीन आठवडे ती पाठ अंगावर घेऊन घरभर रांगत होती.

अशा वेळी मी, शिस्तीत वाढलेल्या बाईने, मासिकाच्या मालकांना पत्र लिहून नाटकाची परवानगी मागितली. कोणी मागायला सांगितली नव्हती. न मागता केलं असतं तर मुंबईला शंभर वर्षांत कळलं नसतं. पण दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी, हे मी रोज फळ्यावर लिहीत होते.

उत्तर आलं, छापील कागदावर. परवानगीचा विचार होऊ शकेल, अटी पुढीलप्रमाणे. टोपी ठरलेल्या निळ्या रंगाचीच असावी. कासवाने शुद्ध भाषेत बोलावं. कासव पुल्लिंगी पात्र असल्याने ते काम मुलाने करावं. वेशाचा फोटो तीन प्रतींत मंजुरीसाठी पाठवावा. आमच्या पंचक्रोशीत कॅमेरा एकच होता आणि तो वर्षातून एकदा, गणपतीला, त्याच्या मालकाबरोबर मुंबईहून यायचा.

मुलीला मी ते वाचून दाखवलं. ती रडली नाही. "तेंच्या कासवाक अंडी कोण घालता मगे?" एवढंच तिने विचारलं. या प्रश्नाला छापील कागदावर उत्तर नव्हतं.

बातमी देवळात पोचली. तुम्हाला वाटेल, खेड्यातल्या लोकांना मालकी-हक्काचं काय कळणार. पोरांनो, या विषयात आमचं गाव मुंबईला शिकवील. पालखीचा पुढचा दांडा कोणाच्या खांद्यावर, होळीला पहिला नारळ कोणाचा, रापणीची पहिली मासळी कोणाच्या टोपलीत, हे सगळे घराघरांचे मान. दांडा चुकीच्या खांद्यावर गेला म्हणून पालखी दोन वर्षं देवळाबाहेर पडली नव्हती. तेव्हा कासवाचाही कोणी मानकरी आहे आणि तो अडून बसलाय, हे कोणालाच विचित्र वाटलं नाही. उलट मासिकाच्या मालकाबद्दल जरा आदरच वाढला.

"मान तेचो आसा, तर इचारूक व्हयाच," पहिल्या मानाचे मानकरी म्हणाले. देवळात त्यांच्याशिवाय पान हलत नसे. "पण तुमी चुकीच्या ठिकाणी इचारल्यात, बाई. मुंबयच्या सायबाच्यावर कोण आसा?"

वर कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी कौल लावायचा ठरला. पुजाऱ्याने देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. मानकऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! शाळेची पोरां तुझ्या पायाकडे इली आसत. मुंबयच्या सायबान कासवाची वाट अडवून धरल्यान हा. ती मोकळी कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा सभामंडप.

"सायबाक बरी बुद्धी दी, आणि तेच्या छापखान्याक बरकत दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी पडली. मी मॅट्रिक झालेली बाई, पण घरी येऊन ते रीतसर आवक वहीत चढवलं आणि मासिकाला कळवलं, की अधिक वरिष्ठ ठिकाणाहून परवानगी मिळाली आहे, तरी आपली हरकत नसावी. त्यांना हरकत होती. संमेलनाच्या दोन दिवस आधी पत्र आलं: सदर वरिष्ठांशी आमचा कोणताही करार नाही, प्रयोग करू नये.

मी ते पत्र घेऊन वर्गात उभी राहिले. नाटक बंद, असं सांगायचं होतं. मुलीनेच माझा चेहरा वाचला.

"बाई, टोपी काढलंय तर ता त्येंचा ऱ्हवतला काय?"

मी अटींचा कागद पुन्हा वाचला. टोपी, पिशवी, शुद्ध भाषा, पुल्लिंग. एवढं काढून घेतल्यावर जे उरत होतं, ते दर हिवाळ्यात आमच्या वाळूत येऊन अंडी घालून जाणारं कासव होतं. त्यावर छाप कोणाचीच नव्हती.

दोन दिवसांत नाटक नवं झालं, आणि त्यातलं माझं फारसं काही नाही. मुलीची कासवीण बोटीवर गेलेल्या पुरुषांचे निरोप समुद्रातून घेऊन येते, पण वाटेत अंडी घालायला थांबते, म्हणून उशीर. "तुज्या घोवान सांगल्यान हा, गणपतीक येतंय. खंयच्या गणपतीक, ता माका इचारू नको!" नवऱ्याच्या या निरोपावर बायका अशा हसल्या, की मागच्या बाकावरची एक माऊली खाली घसरली. झापाची पाठ मधेच उसवली. मुलीने ती एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने अंडी मोजत राहिली. आजोबा पहिल्या रांगेत होते. ते हसले नाहीत. शेजाऱ्याला एवढंच म्हणाले, "आमचा चेडू ता."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लोकांना आवडलेली वस्तू बेवारशी ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. आठ दिवसांत पहिल्या मानाचे मानकरी शाळेत आले. कौल त्यांनी लावला होता, म्हणून पुढल्या वर्षीपासून कासवाचं काम त्यांच्या घरात. त्यांच्या मागोमाग मुलीचे आजोबा आले.

"पाकळी देवान पाडल्यान, तुमी नाय!" ते मानकऱ्यांवर ओरडले. "झाप आमचो. चेडू आमचा. कासवाचो मान आमचो!"

"तुमचो? तुमी तर ता शाळेतसून काढतास!"

दोघेही माझ्याकडे बघू लागले. मुंबईच्या त्या छापील कागदाबद्दल माझ्या मनात जे काही होतं, ते त्या क्षणी निवळलं. मी कोरा कागद घेतला, समास आखला आणि अटी घातल्या. एक: कासवाचा मान रापणकऱ्यांच्या घराकडे राहील. दोन: कासव होणारी व्यक्ती शाळेच्या पटावर असेल. तीन: तिची हजेरी वर्षभर भरलेली असेल. चार: यांपैकी काही चुकल्यास मान पहिल्या मानकऱ्यांच्या घरी जाईल. खाली शाळेचा शिक्का.

आजोबांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "पटावर म्हंजे पाचवीत?"

"चौथी तिची झाली. म्हणजे पाचवीतच."

"आणि नाय घातलंय तर ह्यांका?"

"त्यांना."

 आजोबा कागद तिथेच ठेवून, टोपी डोक्यावर चढवून निघून गेले, आणि मला वाटलं, फार ताणलं.

जूनमध्ये पाचवीचा वर्ग उघडला त्या सकाळी ते नातीला घेऊन पायरीवर उभे होते. दोघंही चिंब भिजलेले. "माका शिकप नको आसा," त्यांनी मला बजावलं. "मानासाठी पाठयतंय." त्यांच्या मागे, छत्रीखाली, पहिल्या मानाचे मानकरी आपल्या नातीला घेऊन आले होते. तीही चौथीनंतर घरी बसवलेलीच. समोरच्याची हजेरी कधी चुकेल याचा नेम नाही, म्हणाले, आपलं माणूस पटावर तयार असलेलं बरं.