दाजींनी लावलेले पाच नंबर

उद्या जग खरोखर बेचिराख झालं, तर माणसं रडतील, नवस बोलतील, सरकारला शिव्या घालतील. आमचे दाजी मात्र टोपी सारखी करून घराबाहेर पडतील, राखेतून एक चक्कर मारतील आणि परत येऊन सांगतील की हे काही पहिल्या नंबरात बसत नाही. मी उगाच वाढवून सांगत नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. महाळुंगे पडवळला शेती आणि बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली, असा सरळ चाललेला हा माणूस पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटरवरच्या गेमच्या नादी लागला. ते पाप माझं.

तेव्हा, म्हणजे दोन हजारचं दशक संपत आलं त्या सुमाराला, घोडेगावात माझा कॉम्प्युटर आणि इंग्रजी संभाषणाचा वर्ग होता. 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' अशी पाटी होती. मला स्वतःला तीस वर्षांत जमलं नाही ते पोरांना तीन महिन्यांत कसं जमणार, हे पाटी रंगवणाऱ्याने विचारलं नाही, म्हणून मीही स्वतःला विचारलं नाही. पुढे मंचरला एसी लावलेला नवा वर्ग निघाला आणि माझी मुलं एकेक करून गार हवेला गेली. उरलो मी आणि आठ कॉम्प्युटर. मग अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगात भटकायचा एक गेम होता, तो मी दिवसभर खेळत बसायचो. त्या जगात आणि माझ्या वर्गात तसा फार फरक नव्हता. मूळ गेम संपला की त्याला जोडून कंपनीने पाच नव्या गोष्टी काढल्या होत्या. परीक्षेत उत्तरपत्रिकेला जोडतात तशा, म्हणून मी त्यांना पुरवण्या म्हणायचो.

दाजी एकदा सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले आणि माझ्या मागे तासभर उभे राहिले. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी बेल्ह्याचं काम उरकलं की वाकडी वाट करून मोटारसायकल घोडेगावात. गेमची अशी ओढ मी लावली, असं मी ताईला अभिमानाने सांगायचो. आमची वाटणी ठरलेली होती: चालणं त्यांच्याकडे, गोळीबार माझ्याकडे. ते एका बोटाने बटण दाबून चालत राहायचे, शत्रू आला की हात वर करून बाजूला सरकायचे आणि मी मारामारी उरकली की पुन्हा चालू लागायचे. घाई कसली ती नाही. भिंत दिसली की भिंतीकडेने, विहीर दिसली की विहिरीला फेरी. प्रत्येक पुरवणी त्यांनी खोंड पारखावा तशी पारखली. एकीला म्हणाले, ही दोन दाती, अजून कामाला यायची आहे. बर्फातली जी मला फार थोर वाटायची, तिला म्हणाले, म्हातारी आहे, शिंगं रंगवून बाजारात आणलीय. आणि नंबर सांगायचा तो तोंडाने नाही. बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून करतात, म्हणजे आजूबाजूच्यांना भाव कळत नाही. तसा ते माझ्या हातावर रुमाल टाकायचे आणि आतून बोटं दाबायचे. चार बोटं म्हणजे चौथी. वर्गात आम्ही दोघंच असायचो. तरी इकडेतिकडे बघून घ्यायचे.

आता माझी गोची सांगतो. गेममधली माणसं लांबलचक इंग्रजी बोलायची, खाली अक्षरं उमटायची आणि दाजी म्हणायचे, "वाच, काय म्हंतोय त्यो." ताईच्या घरात माझी सगळी पत इंग्रजीवर उभी होती. बँकेचं पत्र, औषधाच्या बाटलीवरचा कागद, पंपाच्या मोटरीचं पुस्तक, सगळं माझ्याकडे यायचं आणि मी चष्मा लावून गंभीर व्हायचो. मला येत नाही म्हणून कसं सांगणार? एका म्हातारीने पानभर काहीतरी सांगितलं. मला त्यातले 'पाणी' आणि 'भाऊ' एवढे दोनच शब्द कळले. मी ठोकून दिलं की दोन भाऊ आहेत, पाण्याच्या पाळीवरून त्यांचं फाटलंय आणि धाकट्याने बांध कोरलाय. दाजींनी मान हलवली. तिथून माझी भीड चेपली. पाच पुरवण्यांत मी चार ठिकाणी भावाभावांची भांडणं लावली, कारण मला तेवढीच गोष्ट नीट येत होती. पाचव्या ठिकाणी चुलते-पुतणे घातले.

आमचं जमलं नाही ते एकाच पुरवणीवरून. आटलेल्या धरणाच्या पोटात एक गाव उघडं पडलंय, एवढीच ती गोष्ट; ती पाणी आणि भाऊवाली म्हातारी तिथलीच. ना लढाई, ना राक्षस. मी तिला शेवटचा नंबर दिला. दाजींनी रुमालाखाली माझं एकच बोट धरलं. त्यांचं आजोळ डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, हे मला माहीत होतं. तरी मी शहाणा त्यांना अर्धा तास समजावत राहिलो की गेममध्ये थरार पाहिजे. ते ऐकून घेत होते आणि बोट बटणावर ठेवून त्या गावातल्या गल्ल्या फिरत होते.

दिवाळीच्या सुट्टीत भाची, म्हणजे ताईची मुलगी, पुण्याहून आली. इंजिनिअरिंगला होती, इंग्रजी पाण्यासारखं. दाजी तिला कौतुकाने वर्गात घेऊन आले आणि नेमकी तीच धरणाची पुरवणी लावायला सांगितली. मी लाइट जायची वाट बघितली; एरवी दिवसातून चारदा जाणारे लाइट त्या दिवशी गेले नाहीत. म्हातारी बोलू लागली, दाजींनी भाचीला आमचे भाऊ आणि त्यांचा बांध समजावून सांगितला. तिने अक्षरं वाचली आणि म्हणाली, "मामा, पण यात भांडण कुठंय?"

मग लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "दाजी, मला इंग्रजी येत नाही. सगळं मनाचं सांगितलं. तुमचे पाचही नंबर माझ्यामुळं चुकले."

दाजी शांतपणे म्हणाले, "नंबर कशानं चुकत्यात? बाजारात मालक बोलतो त्ये आमी धरतो व्हय? जनावर चालवून बगायचं. मी चालून बगितलं, नंबर लावलं. तुजं बोलणं त्यात धरलंच न्हाई."

आधी मला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. वर्षभर घाम गाळून मी एवढी घराणी फोडली, आणि यांनी एकही धरू नये? मी चिडून विचारलं की मग दर वेळी मला शेजारी बसवून वाचायला कशाला लावत होता.

दाजींनी भाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वर्ग मोकळा पडल्यापासनं तू घरी आलास की जेवायचास अन् गप उठून जायचास. तुजी ताई रडायची. म्हणलं, याला बोलता ठेवू." मग म्हणाले, "गेम बी चांगला व्हता. खोटं कशाला बोलू."

मला रडू आलं, आणि भाचीसमोर आलं म्हणून जरा जास्तच आलं. ती बिचारी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. दाजींनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "हं, वाच आता. अडलं तर पोरीला इचार."

मी म्हातारीचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. एकेक शब्द भाचीला विचारत, अडखळत, जे लिहिलं होतं तेच त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. सगळं पाणी गाळायच्या यंत्राबद्दल होतं, त्याची जाळी कधी बदलायची वगैरे. दाजींना ते फारसं आवडलं नाही, हे तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण शेवटची ओळ होईपर्यंत ते उठले नाहीत.