दोन बोटं माया

नव्वदच्या दशकात, अकरावीत असताना, मी जेवणाशी वैर धरलं. निमित्त स्नेहसंमेलनाचं. नाचात मला मागच्या रांगेत ढकललं, कारण पुढे ‘नाजूक’ मुली हव्या होत्या. त्या दिवसापासून माझा डबा कॉलेजच्या फाटकाजवळची गाय खायला लागली. ती चांगली गुटगुटीत झाली. मला मात्र मार्चपर्यंत जिना चढतानाही अंधारी यायला लागली.

सांगलीच्या डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं, हा आजार आहे. औषधं दिली आणि बजावलं, हिला एकटीला जेवू देऊ नका, वजनाचा विषय काढू नका. दुसरी गोष्ट आमच्या घरात कुणालाच जमणारी नव्हती. म्हणून सुट्टीत माझी रवानगी मलकापूरला, शिवणकाम करणाऱ्या आत्याकडे झाली.

जाताना मी ड्रेससाठी निळं कापड नेलं. म्हटलं, "आत्या, दोन इंच घट्ट शिव. मी होईन बारीक."

"आगं, कापड अंगासाठी आस्तंय, का अंग कापडासाठी?" असं म्हणून तिनं टेप माझ्याच हातात दिली आणि मला गिऱ्हाइकांची मापं घ्यायला बसवलं. नियम एकच. माप वहीत लिहायचं, तोंडानं बोलायचं नाही.

"आकडा ऐकला की बाया प्वाट आत वढत्यात," ती म्हणाली. "मग ड्रेस उसवतोय."

पंधरा दिवसांत मी निम्मं मलकापूर मोजलं. एकीचा खांदा उतरता, दुसरीचे दंड माझ्या मांडीएवढे. नाचाच्या पुढच्या रांगेत घेतील अशी एकही नव्हती आणि सगळ्या मनसोक्त हसत होत्या. दुपारी त्यांतल्या दोघी-तिघी आमच्याबरोबरच जेवायच्या. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी माझ्या घशात अडकली. तिसऱ्या आठवड्यात मी मिरचीच्या खरड्यासाठी भांडले.

ड्रेस माझ्या खऱ्या मापाचा झाला. उलटा करून पाहिला, तर दोन्ही शिवणींच्या आत दोन-दोन बोटं जास्तीचं कापड. मी भडकले. "हे कशाला?"

"त्याला माया म्हणत्यात. वाढत्या अंगाला ठिवावी लागती."

शब्द माहीत होता, शिवणातला अर्थ नव्हता. मला इतकं बरं वाटलं की भांडायचंच विसरले.

दिवाळीत पुन्हा मलकापूरला गेले, तेव्हा ड्रेस काखेत रुतत होता. क्षणभर ती फाटकाजवळची गाय आठवली, खोटं कशाला सांगू? पण मीच शिवण उसवली आणि मशीनवर बसले.

"मायेतलं किती घेतलंस गं?" आत्यानं स्वयंपाकघरातून विचारलं.

आकडा बोलायचा नाही, हा नियम तिचाच.

"लागलं तेवढं!" मी ओरडले. "आणि भाकरी टाक, लय भूक लागलीया."