पाचवा खळगा

अहल्याबाई सूड घ्यायला निघाली ती एकोणीस वर्षं उशिरा, पण पुरी तयारी करून निघाली.

चामराजपेठेत भीमाचार्यांच्या घरी ती राहत होती, त्यांच्या धाकट्या भावाची विधवा म्हणून. १९३८ साली नवरा गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. दहाव्या दिवशी भीमाचार्यांनी न्हावी बोलावला आणि तिचे गुडघ्यापर्यंतचे केस परसातल्या पेरूखाली पडले. तेव्हापासून दर पंधरवड्याला शिवाप्पा मागच्या दाराने येई, वस्तरा चालवी आणि जाई. भीमाचार्य शास्त्राचे पक्के होते. त्यांची स्वतःची बायको बाळंतपणात गेली तेव्हा मात्र याच शास्त्राने त्यांना अकरा महिन्यांत पद्मावती आणून दिली. अहल्याबाईने ते मनात ठेवलं. तिच्याजवळ ठेवायला दुसरं काही नव्हतंच.

१९५७च्या श्रावणात भीमाचार्यांची पहिल्या बायकोची मुलगी नीरजा विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. ही आईविना पोर अहल्याबाईच्याच मांडीवर वाढलेली. रोज तिची वेणीही अहल्याबाईच घालायची. भीमाचार्य म्हणाले, दसरा होऊ दे, मग शिवाप्पाला सांगतो. त्या दिवसापासून नीरजा वेणी घालून घ्यायला येईनाशी झाली. अहल्याबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि त्या मस्तकावर तिला अडवायला एक केसही नव्हता.

दसऱ्यात त्या घरी कानडी रीतीप्रमाणे नऊ पायऱ्यांवर बाहुल्या मांडत. पायऱ्या लावायच्या, बाहुल्यांना नेसवायचं, सगळं अहल्याबाईने. संध्याकाळी सवाष्णी बघायला आल्या की तिने स्वयंपाकघराच्या दाराआड बसायचं. खालच्या पायरीवर बायकांसाठी ती दरवर्षी एखादं कोडं ठेवायची. त्या वर्षी तिने एक गावच मांडलं. मधे लाकडी न्हावी, भोवती दहा बाहुल्या-बाहुले, प्रत्येकाला काळ्या दोऱ्याचे काढता येणारे केस, पायाशी चिठ्ठी, आणि शेजारी पाच खळग्यांची पेटी. पुठ्ठ्यावर नियम लिहिला होता: ज्याच्या जोडीचं माणूस गेलं त्याचे केस काढा, पाचही खळगे भरा. जिंकेल तिला चांदीचा करंडा. करंडा अहल्याबाईचाच होता, एकोणीस वर्षं कुंकवावाचून पडलेला.

बायका आधी कचरल्या, मग हसल्या, मग इरेला पेटल्या. हिचा नवरा तापाने गेला, काढा. तिचा विहिरीत पडला, काढा. पहिल्याच संध्याकाळी चार खळगे भरले. पाचवं डोकं काही सापडेना. जरतारी पगडीच्या बाहुल्याची चिठ्ठी सगळ्यांनी मोठ्याने वाचली: ‘पहिली बायको वारली, अकरा महिन्यांत दुसरी केली.’ वाचली, खाली ठेवली आणि पुन्हा बायकांच्या डोक्यांकडे वळल्या. शेजारच्या सुशीलाबाईंनी तर जिचा नवरा नुसता परगावी गेला होता तिचेही केस उपटून पाहिले. दाराआड अहल्याबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तीन संध्याकाळी ती अशी हसली, आणि हसताना भीमाचार्यांना मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या दिल्या.

चौथ्या दिवशी पद्मावती खेळायला बसली. एवढा कसला गोंधळ म्हणून भीमाचार्य दारात येऊन उभे राहिले होते. पद्मावतीने पगडीवाल्याची चिठ्ठी वाचली आणि ती थबकली. अकरा महिने म्हणजे कुणाचे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने पगडी उचलली, शेंडीसकट केस ओढून काढले आणि पाचव्या खळग्यात ठेवले. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग भीमाचार्यांच्या शेंडीकडे.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी शिवाप्पा परसात आला. नीरजा मान खाली घालून पाटावर बसली. पद्मावतीने तिला दंडाला धरून उठवलं आणि पाट शेजारी उभ्या असलेल्या भीमाचार्यांपुढे सरकवला.

“शिवाप्पा, स्वल्प थांब,” ती म्हणाली. “आधी ह्यांचे काढ. पहिली गेली तेव्हाचे राहिलेत.”

कुंपणापलीकडे सुशीलाबाई कपडे वाळत घालायचं विसरून उभ्या होत्या. शिवाप्पाने भीमाचार्यांकडे पाहिलं, वस्तरा मिटला आणि हे आपल्याला जमायचं नाही म्हणून निघून गेला. भीमाचार्य आत गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पद्मावतीने जिंकलेला करंडा नीरजाच्या हातात ठेवला.

अहल्याबाईनेही शिवाप्पाचं येणं बंद केलं. दोन वर्षांनी तिचे केस खांद्यापर्यंत आले, जवळजवळ सगळे पांढरे. नीरजाने तिची वेणी घातली. अहल्याबाईने आरसा मागितला, एकदा पाहिलं आणि तो उलटा ठेवला. पोरीचे केस वाचले होते, पण आपले काळे केस गेले ते गेलेच, आणि ते ती भीमाचार्यांना माफ करणार नव्हती.

तेच गाव ती दरवर्षी मांडत राहिली, फक्त पगडीवाला बाहुला दर दसऱ्याला एक पायरी वर चढवायची. पगडी आणि केस आता काढलेलेच असत. १९६५ साली तो नवव्या पायरीवर, देवीच्या कलशाला खेटून बसला. त्या दसऱ्यात पूजेला बसलेल्या भीमाचार्यांनी नऊही दिवस त्या बोडक्यापुढे हात जोडले.