हलकं चालणारं पेन

चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या वह्या-पेनांच्या दुकानात संध्याकाळी त्या मामी हमखास दिसायच्या. मराठी तंजावरचं, हेल तमिळ; मला ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. वहीचं पान उजेडासमोर धरायच्या, गालाला लावायच्या. मग डोळे मिटून, डाव्या हातानं पेन जेमतेम टेकवून चालवायच्या, जणू झोपेत पाण्यावर रेघ ओढताहेत.

एकदा मी विचारलं, “डाव्या हातानं का, मामी?”

“पक्षाघातानंतर आमच्या यांचा तोच हात राहिलाय, तंबी. वाचाही गेली. लिहूनच बोलतात. जोर लावावा लागला की दमतात, मग बोलायचंच सोडून देतात.”

परवा त्या पेनांकडे न बघताच उभ्या होत्या.

“काल तोंडानं बोलले,” हळूच म्हणाल्या.

“काय म्हणाले?”

“‘पेन चांगलं नाही.’”

एवढं सांगून त्या काउंटरला टेकल्या आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या.