जहाजावरची घसरगुंडी

या पृथ्वीवर ज्या ज्या वस्तूला ‘फक्त लहान मुलांसाठी’ अशी पाटी लावलेली आहे, त्या त्या वस्तूवर पहिला हक्क आपलाच आहे, असे लातूरच्या माझ्या मामींचे ठाम मत आहे. साठीला टेकलेल्या या बाईने हे मत नुसते बाळगलेले नाही, व्रतासारखे पाळले आहे. माळेगावच्या जत्रेत त्या आकाशपाळण्यात बसल्या की उतरत नाहीत. पाळणेवाला खालून हाका मारतो, ‘मावशी, फेऱ्या संपल्या, उतरा आता!’ आणि वरून, धुळीच्या आणि जिलेबीच्या वासाच्याही वरून, मामींचा आवाज येतो, ‘थांब रे भाऊ, आत्ता कुठं कंधारचा किल्ला दिसायलाय!’ लातुरात एका मिठाईच्या दुकानासमोर नाणे टाकले की डुलणारा प्लास्टिकचा घोडा आहे. मामींच्या वजनाने तो एका अंगाला कलला आहे, अशी दुकानदाराची तक्रार असते, आणि मामी दिसल्या की तोच आतून सुटी नाणी आणून देतो. म्हातारीचे केस खाऊन गुलाबी झालेल्या ओठांनी त्या सोयाबीनच्या भावाविषयी अत्यंत गंभीरपणे बोलू शकतात. त्यांच्या पदराला दोन वास कायमचे बिलगलेले आहेत, एक लसणाच्या फोडणीचा आणि दुसरा लिमलेटच्या गोळीचा. माझ्या आजोळचे सारे उन्हाळे या दोन वासांच्या मधोमध पिकले.

एक गोष्ट मात्र मामींच्या हाती कधी लागली नव्हती, आणि ती म्हणजे घसरगुंडी. बागेतला रखवालदार करारी होता, आणि पाटीवरची बारा वर्षांची मर्यादा तो मामींना दरवेळी नव्याने वाचून दाखवी. मग आम्ही भावंडे सुर्रकन खाली येत असू आणि मामी बाकावर बसून आम्हा सगळ्यांच्या चपला सांभाळत. ओच्यात चपलांचा ढीग, आणि नजर घसरगुंडीच्या माथ्यावर, अशी त्यांची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. मामा-मामींना मूलबाळ नाही. आमच्या घरात हे वाक्य कोणी उच्चारत नाही. त्याऐवजी ‘मामींना लेकरांची लई हौस’ असे म्हणतात, आणि सुट्टी लागली की घरोघरची लेकरे त्यांच्या दारी नेऊन सोडतात. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या ज्या अमावस्येला अख्खे लातूर घराला कुलूप लावून शेतात जेवायला जाते त्या दिवशी, किल्लारीजवळच्या त्यांच्या शेतात तर लेकरांचा बाजारच भरतो. आंब्याला झोका बांधलेला असतो. मामी दिवसभर झोके देतात, आणि त्यांची स्वतःची पाळी येते तेव्हा दोर सोडायची वेळ झालेली असते.

मामा शाळेत भूगोल शिकवत. सारे गाव त्यांना सर म्हणते, म्हणून मामीही ‘आमचे सर’ म्हणतात. जगातले झाडून सगळे सागरी प्रवाह, उष्ण कोणते नि थंड कोणते, मामांच्या जिभेच्या टोकावर असतात, पण मांजरेच्या पात्रात पाणी घोट्याच्या वर आले की ते मागे फिरतात. ‘समुद्र हा नकाशात पाहण्याचा विषय आहे,’ असे ते विद्यार्थ्यांना सांगत.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही, म्हणजे मी, माझे यजमान आणि आठ वर्षांची ओवी, नांदेडहून निघून मुंबईला जहाजात बसायचे ठरवले. चार दिवसांची, खास कुटुंबांसाठी आखलेली सहल होती. मी मामींना फोनवर जाहिरात वाचून दाखवत होते. जादूचे खेळ, बाहुल्यांचा नाच, पाण्याची घसरगुंडी... आणि पलीकडे उलथणे पडल्याचा आवाज झाला.

‘किती उंच गं?’

‘दोन मजली आहे, मामी.’

‘आम्ही बी येऊन राहिलो.’

माझ्या यजमानांनी फोन घेतला आणि जोडप्यांसाठी वेगळे, शांत जहाज असते, असे अदबीने सुचवून पाहिले. ‘जावईबापू,’ मामी म्हणाल्या, ‘त्या जहाजावर मेणबत्त्या हायत. घसरगुंडी न्हाई.’

‘पण मामी, हे कुटुंबांसाठी आहे,’ मी बोलून गेले आणि जीभ चावली.

‘मग आम्ही कोण हाव? वऱ्हाडी?’ मामी खळखळून हसल्या. ‘हे बघ माय, मला दोनच गोष्टी पायजेत. आमचे सर अन् घसरगुंडी. दोनी एकदम.’

‘आणि येळवस? ती त्याच दिवसांत येते ना?’

‘यंदा येळवस समुद्रावर!’

आणि मामी खरोखरच जहाजावर चढल्या. पायांत पांढरे बूट, खांद्याला मोत्यांच्या नक्षीची पिशवी, आणि मागे, काठावरूनच नारिंगी जीवरक्षक जाकीट चढवून आलेले मामा. त्यांनी घेतलेल्या खोलीत भिंतीला दोन बाळखाटा टांगलेल्या होत्या आणि पलंगावर टॉवेलांचे दोन ससे बसवले होते. मामींनी तत्काळ वरची खाट काबीज केली आणि तिथून पाय हलवत खाली मामांना हुकूम सोडू लागल्या. जेवणाच्या टेबलावर वाढपी सवयीने रंगखडू आणि चित्रांचे कागद ठेवून गेला, तेव्हा मामींनी हत्ती हिरवा रंगवला आणि मामांनी शेजारच्या चित्रातला समुद्र खोलीप्रमाणे फिका-गडद असा तीन छटांत रंगवला. ते दोन कागद वाढप्याने खरोखरच भिंतीवर लावले.

पण लातूरच्या माणसाला चारी बाजूंनी पाण्याने वेढले की त्याचे काय होते, हे मी तिथे पाहिले. ज्या गावाने दुष्काळात रेल्वेने आलेले पाणी प्यालेले आहे, त्या गावची ही बाई जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाच्या कडेला कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. क्लोरीनचा तिखट वास, लेकरांच्या किंकाळ्या, उन्हात चकाकणारी निळाई. ‘एवढं पाणी नुसतं डुंबायला?’ त्या हळूच म्हणाल्या. मग कामाला लागल्या. जिथे नळ ठिबकत असेल तिथे मामी प्रकट होत. दाढी करणाऱ्या परक्या माणसाला त्यांनी उघड्या दारातून बजावले, ‘बंद करा की हो दादा, फेस लावायला पाणी कामून वाहतंय?’ दुसऱ्या दिवशी त्या दिसल्या की लोक आपोआप नळ बंद करू लागले.

त्यांना विचारला जाणारा प्रश्न मात्र काही बंद होत नव्हता. जहाजभर आईबाप आणि लेकरे होती, आणि प्रत्येक आई मोठ्या आपुलकीने विचारी, ‘तुमची मुलं कुठं आहेत?’ मामी एकीला म्हणाल्या, ‘वरच्या मजल्यावर गोंधळ घालून राहिलीत ना, ती समदी.’ दुसरीला म्हणाल्या, ‘अजून चढली न्हाईत. पुढच्या बंदरावर येतील.’ ती बिचारी बंदर आल्यावर खरेच वाट बघत उभी राहिली. प्रत्येक उत्तराला मामी स्वतःच आधी हसत, आणि मामा दूर क्षितिजाकडे, जिथे नकाशात काहीही नाही अशा जागी, निरखून पाहत.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही घसरगुंडीकडे गेलो होतो. पिवळी, वळसे घेत खाली येणारी, भली थोरली नळी होती ती. तोंडाशी साखळी, आणि साखळीशी एक मिशाळ, भारदस्त गृहस्थ शिट्टी गळ्यात अडकवून उभा होता. मामींनी पदर खोचला, मामांचा हात धरला आणि पुढे झाल्या. त्या गृहस्थाने त्यांच्या मागे पाहिले, बाजूला पाहिले, मग पाटीवर बोट ठेवले. मोठ्या माणसाला एकट्याने जायला मनाई होती. ‘साथ में बच्चा होना चाहिए,’ तो म्हणाला.

‘मामी, ओवीला घ्या ना!’ मी घाईने म्हटले. ओवी तर उड्याच मारत होती. ‘आजी, चला, मी तुमची!’

मामींनी तिच्या गालावरून हात फिरवला. ‘तू तुझ्या आईसंगं जा, बाळा.’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘साखर उसनी आणली मी, इरजण उसनं आणलं. लेकरू न्हाई आणायची. मला जायचं तर सरांसंगं. न्हाई तर खालीच बरी हाय.’ आणि बाकावर जाऊन बसल्या. ओवीने पळता पळता आपल्या चपला त्यांच्या ओच्यात टाकल्या. मामींनी त्या नीट जुळवून मांडीवर ठेवल्या. त्या संध्याकाळी त्यांनी एकही नळ बंद केला नाही.

दुसरा दिवस येळवशीचा होता. सकाळीच मामांनी दार ठोठावले आणि शिक्षकी आवाजात म्हणाले, ‘जरा ये. तुझ्या मामी किटलीत आंबील शिजवतायत.’ चहाच्या त्या किटलीत, घरून आणलेले ज्वारीचे पीठ, नाश्त्याच्या दह्याचे ताक, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची यांचे मिश्रण गदगदत होते. अख्ख्या मार्गिकेत लातूरचा वास दरवळला. शेजारच्या खोलीतले लोक बाहेर आले, आणि येळवशीला आलेल्याला रिकाम्या तोंडी परत लावत नसल्यामुळे मामींनी त्यांना पेले दिले. मग दोघे वर आली. येळवशीला घरधनी आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटे मडके, घेऊन शेताला फेरी मारतो आणि शिंपडत जातो. इथे मामांच्या हातात बिंदगीऐवजी स्टीलचा तांब्या होता. जाकीट घातलेले मामा कठड्याला धरून पुढे, ‘होलगे होलगे, सालम पलगे!’ असा शेतालाच अर्थ ठाऊक असलेला तो जुना पुकारा करत, समुद्रात थेंब थेंब आंबील शिंपडत चालले होते. मागे मामी आरोळी देत होत्या आणि पेले भरत होत्या. हा जहाजाचाच एखादा खेळ आहे असे समजून निम्मी लेकरे मागे लागली, लेकरांमागे आया, आणि शेवटी कागदी टोपी घातलेला, जहाजावर बाहुल्या नाचवणारा माणूसही. मी आयुष्यात इतकी हसले नव्हते. वारा खारट होता आणि जिभेवर लसूण होता.

फेरी फिरत फिरत घसरगुंडीपाशी आली. मामींनी शिट्टीवाल्यापुढेही पेला धरला. त्याने हुंगला, एक घोट घेतला, आणि त्याच्या मिशा थरथरल्या.

‘अंबलि!’ तो म्हणाला.

‘मीदि ये ऊरु?’ मामींनी विचारले. तुमचे गाव कोणते? मामींचे माहेर देगलूरचे, तिथल्या बाजारात मराठी, कानडी, तेलुगू एकाच पायरीवर बसून भाजी निवडतात. तो निजामाबादकडचा निघाला. मग दोघे भराभरा बोलू लागले. पाऊस, ज्वारी, मिरची, कोणाची आई आंबिलीत कांदा घालते आणि कोणाची नाही. नांदेडच्या बाजारात कानावर पडून मलाही थोडी तेलुगू कळते. म्हणून त्याने सहज विचारलेले मला कळले.

‘पिल्ललु एक्कड, अम्मा?’ मुले कुठे आहेत?

मामी आता कोणते बंदर सांगतील, याची मी वाट पाहू लागले. पण त्या हसल्या नाहीत. पेला पुसता पुसता, बसच्या वाहकाला तिकिटे सांगावीत तितक्या साधेपणाने त्या म्हणाल्या, ‘पिल्ललु लेरु. मेमु इद्दरमे.’

मुले नाहीत. आम्ही दोघेच.

इतकी वर्षे जे वाक्य आमच्या मराठीत कोणालाच उचलता आले नव्हते, ते त्यांच्या माहेरच्या बाजारातल्या भाषेत इतके हलके होते. मामांना तेलुगू येत नाही, पण त्यांनी क्षितिजावरची नजर काढून मामींकडे पाहिले.

त्या गृहस्थाने पेला रिकामा केला, पाटीकडे पाहिले आणि साखळी काढली. ‘अकेले को मना है, अम्मा,’ तो म्हणाला. ‘आप तो दो हो.’

पुढचे सगळे एका झुळकीसारखे घडले. मामींनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, मामांच्याही दिल्या. ‘सर, डोळे मिटा अन् भूगोल म्हणा,’ त्या म्हणाल्या, आणि दोघे त्या पिवळ्या नळीत नाहीशी झाली. आतून आधी मामींचे हसू घुमत आले. मग मामांचा कापरा आवाज, ‘प्रशांत! अटलांटिक! हिंदी!...’ आर्क्टिकला पोचता पोचता दोघे पाण्यात आदळली, तलावाने अंग झटकले, आणि साऱ्या जहाजाने टाळ्या वाजवल्या. मामांचा चष्मा एका कानावर लोंबत होता. ‘सर, आणिक?’ मामींनी विचारले. पाणी कमरेच्या वर आले होते, तरी मामा म्हणाले, ‘आणिक.’ मी वर उभी होते, हातात चार चपला. त्यांच्या आत पावलांची ऊब अजून होती. कोणाच्या चपला धरून उभे राहिले की जग कुठून दिसते, ते मला तेव्हा दिसले.

यंदाची येळवस किल्लारीच्या शेतातच झाली. ज्वारी हुरड्याला आली होती, हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव होते. आंब्याला झोका बांधताच लेकरांनी रांग लावली. मामी आल्या, चपला काढून न बघताच माझ्या हातात दिल्या आणि पहिल्यांदा स्वतः झोक्यावर बसल्या.

‘आजी, आमची पाळी!’ लेकरे ओरडली.

‘येईल की रे. आधी आमची दोघांची.’

मामा मागे उभे राहून झोका देऊ लागले. गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणाने त्यांचे हात पार उतरले आहेत. झोका जेमतेम हलत होता.

‘सर, जरा जोरात की हो.’

‘जोरातच देऊन राहिलोय.’

मामींनी मागे वळून पाहिले नाही. पातळाच्या आडून अनवाणी पायाचा अंगठा हळूच जमिनीला टेकवला आणि स्वतःच एक रेटा दिला. झोका उंच गेला, ज्वारीच्या कणसांच्या वर, त्याच्याही वर.

‘हाव,’ त्या वरून म्हणाल्या, ‘आता कसा बरोबर दिलात!’