आबांच्या मिरच्या आणि जगातल्या महासत्ता

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायला लागले आणि त्याच वर्षी सोव्हिएत रशिया मोडला. माझी पहिली नोकरी, उन्हाळाभर खपून काढलेल्या नोट्स, आणि त्यातलं अर्धं जग गायब. मुलं मुद्दाम विचारायची, "मॅडम, परीक्षेत महासत्ता किती लिहायच्या?" मी म्हणायचे, "परीक्षेत दोन लिहा, बाहेर एक समजा." पण विषय मला जीव की प्राण होता. स्पेन, हॉलंड, ब्रिटन, अमेरिका. ज्याचं बळ मोठं त्यानं नियम ठरवायचे, बाकीच्यांनी माना डोलवायच्या, आणि एके दिवशी कुणीतरी मान डोलवायचं थांबायचं. हे सांगताना तास कधी संपायचा ते कळायचं नाही.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा धुळ्यातच इंजिनिअर, घर यावलकडचं, केळीवालं. सगळं जुळलं, एक सोडून. त्या घरातल्या सुना नोकरी करत नसत. होणारे सासरे, म्हणजे आबा, "नोकरीचं पुढं पाहू" एवढंच म्हणाले होते, आणि त्यांचं 'पुढं पाहू' म्हणजे 'नाही', हे मुलानंच मला सांगून टाकलं. वर म्हणाला, "आबांपुढं कोणाचंच चालत नाही." माझी झोप उडाली. नवरा आवडला होता, पण नोकरीही तेवढीच आवडली होती.

साखरपुडा झाल्यावर सासरच्यांनी आम्हाला मळ्यात भरीत खायला बोलावलं. एसटीत वडिलांनी बजावलं, "तिथं वर्ग भरवू नकोस." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं हो.

मळ्यातलं भरीत आमच्याकडे पुरुष करतात. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या, त्यात हिरवी वांगी भाजली, सोलली आणि लाकडी बडगीत मिरच्या-लसणासोबत कुटली. मिरच्या घालायचा मान आबांचा. ते मुठीनं घालत होते आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं. केळीच्या पानांवर पंगत बसली. दोन घासांत सगळ्यांची नाकं वाहायला लागली. थोरले दीर डोळे पुसत म्हणाले, "बेस झालं, आबा." काका ठसकत म्हणाले, "एक नंबर."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "कसं झालं पोरी?"

वडील माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. पण जिभेची आग झाली होती हो, खोटं सुचेना. म्हटलं, "चव फार छान आहे, आबा. पण तिखट जास्त झालंय."

सगळ्यांचे हात थांबले. आबा म्हणाले, "आजपावतो कोनी बोललं नाही."

"कसे बोलतील? वावर तुमचं, वांगी तुमची, तेल तुमचं. एवढं सगळं तुम्ही देता, म्हणून मिरच्या तुम्ही म्हणाल तितक्या. जगात ब्रिटनचंही असंच होतं. समुद्रावरची वाट त्यांनी राखायची, म्हणून नियमही त्यांचेच." झालं, वर्ग भरला. वडिलांनी कपाळाला हात लावला.

आबांना मात्र गोडी लागली. "मंग बुडाले कसे?"

"लढाया तर झाल्याच. पण त्याआधी जवळचे लोक खरं सांगेनासे होतात. यांना वाटत राहतं, सगळं बेस चाललंय."

आबांनी हातातला घास पानात ठेवला. आता लग्न मोडतंय, असं मला वाटलं. तेवढ्यात वाढणाऱ्या सासूबाई पळी घेऊन जागीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मलेबी तिखटच लागते. लगन झाल्यापासून लागते."

मग काय विचारता! थोरले दीर म्हणाले, "मलेबी." जाऊबाई, काका, पोरं, एकेक करून सगळे फुटले. काकांना तर मूळव्याध होती, ती त्यांनी भर पंगतीत जाहीर केली. हसून हसून लोकांचा तोल जायला लागला. माझे होणारे यजमान तेवढे पानाकडे बघत होते. सासूबाई तिथेच उभ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आन् आता आयकून घ्या. सून धुळ्याले नोकरी करीन. पुढं काय पाहाचं नाही."

आबांनी पंगतीवरून नजर फिरवली. थोरल्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. शेवटी त्यांची नजर माझ्या यजमानांवर थांबली. यजमानांनी मान वर केली आणि म्हणाले, "मलेबी तिखट लागते, आबा. आन् तिनं नोकरी कराले पाहिजे."

आबांच्या बाजूला कोणीच उरलं नव्हतं. त्यांना हसू आवरेना. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "बरं. शिकव. पन वर्गात माहं नाव घेऊ नको."

ते मी कधीच घेतलं नाही, आणि नोकरी निवृत्त होईपर्यंत केली.