वन्संच्या गाडीचे टायर

वन्संची बातमी आली तेव्हा मी सोवळ्यात होते. साताऱ्याकडचं एक कुटुंब वडिलांच्या श्राद्धासाठी काशीला आमच्याकडे उतरलं होतं आणि माझे वडे कढईत होते. हे फोन हातात घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. सोवळ्यातल्या बाईला शिवायचं नाही, ही अंगात मुरलेली सवय. तिथूनच म्हणाले, "ताई गेली गं." मी झारा धरून तशीच उभी राहिले. मग एवढंच सुचलं की आता आपल्याला सुतक आहे, हा स्वयंपाक त्या लोकांना चालायचा नाही. गॅस बंद केला. शेजारचे गुरुजी त्या कुटुंबाला आपल्याकडे घेऊन गेले, आणि वडे कढईत तसेच अर्धे कच्चे राहिले...

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. रेल्वेच्या हिशेबाच्या ऑफिसात नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि शेवटपर्यंत दूधविनायकच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत राहिल्या. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी मी भाताची पेज घेऊन गेले. पेज काही त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "सुमन, कुणाला तरी सांगून गाडी जरा पुढेमागे करून घे. एका जागी उभी राहिली की टायर बसतात." मला फार हायसं वाटलं. ज्या माणसाला टायरची काळजी आहे ते माणूस कुठे जातंय, असं मनात म्हणत मी घरी आले.

आमच्या घरापासून मणिकर्णिकेचा स्मशानघाट पायी जवळ. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, म्हणून मी दारातूनच पाहिलं. गल्लीच्या वळणावर माणसं आडवी होऊन सरकत होती, इतकी ती अरुंद आहे. इतक्या वेगाची गाडी असलेली बाई, पण तिची गाडी कधी घराच्या दारापर्यंत आली नाही आणि शेवटी तिला गाडीची गरजही लागली नाही. त्या वेळी असलं वेडंवाकडं मनात येतं, त्याला इलाज नाही.

मुग्धा, माझी मुलगी, परवा म्हणाली, "आई, तू चारचौघांत तोंड उघडत नाहीस. आत्याबद्दल लिहून तरी काढ." माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचायची गोडी वन्संनीच लावली. कुणाला दाखवायचं नाही, असं ठरवून लिहिते आहे.

मी वाईजवळच्या खेड्यातून लग्न होऊन काशीत आले तेव्हा मला हिंदी येत नव्हतं. नंतर कळायला लागलं, तरी बोलायला जीभ वळेना. भाजीवाल्याला मी बोटानं दाखवायचे. तो चिडवायचा, "भाभीजी, बोलिएगा तो दाम कम कर देंगे." मी पदर तोंडाशी धरून घरी पळत यायचे. वन्सं मला हसल्या नाहीत. ऑफिसातून आल्या की पिशवी उचलायच्या, म्हणायच्या, "चल, तू दाखव, मी बोलते." कपडा घ्यायला, चप्पल घ्यायला, डॉक्टरकडे, सगळीकडे असंच. डॉक्टरला माझं पोट दुखतंय हेसुद्धा त्यांनीच सांगितलेलं आहे. आणि एवढं सगळं माझ्या वतीनं बोलूनही, "सुमन, तुला काय वाटतं?" हे विचारल्याशिवाय त्यांनी काही पक्कं केलं नाही. त्या घरात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली. एका बदलून जाणाऱ्या साहेबाच्या मुलाची, वापरलेली. निळी, बुटकी, रुंद, मागच्या बाजूला पंखासारखी पट्टी. चालू केली की गुरगुरायची. यांनी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ताई, या वयात? आणि ही गल्लीत तरी शिरणार आहे का?" वन्सं म्हणाल्या, "गल्लीत शिरायला मला पाय आहेत. ही गल्लीतून बाहेर पडायला घेतली." मैदागिनजवळ ओळखीच्यांची लाकडाची वखार आहे, तिथे गाडी उभी राहायची. वन्सं रोज सकाळी चालत जाऊन तिला बघून यायच्या. घरातली माणसं हसायची की ताई देवळात चाललीय की वखारीत, सांगता येत नाही.

मला मात्र त्या गाडीची धास्ती वाटायची. मला गाडी लागते. त्यात तिचे टायर इतके पातळ, की चाकाला नुसती रबराची कड लावल्यासारखे दिसायचे. प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात. पहिल्याच दिवशी सारनाथपर्यंत नेलं, मी दोनदा थांबवायला लावलं आणि येताना डोळे मिटून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी वन्संनी पुढच्या कप्प्यात आवळासुपारीची डबी आणून ठेवली. तरी मी बसेना.

मग मुग्धाला दिवस गेले. जावई सोनभद्रात, रेणुकूटला नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, आणि मुग्धाच्या मनानंही तेच घेतलं होतं. रोज फोन करायची, "आई, मला घेऊन जा." पण तिचं एक मूल आधी पोटातच गेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की न्यायला हरकत नाही, मात्र धक्के बसता कामा नयेत. रेल्वे आडवेळेची, दोनदा जिने चढायचे उतरायचे. रस्त्यानं यायचं तर तेव्हा ट्रकांनी तो रस्ता पार उखडून ठेवला होता. हे म्हणाले, "तिथेच होऊ दे बाळंतपण." मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. मी रात्रंदिवस तेच घेऊन बसले, पण बोलले नाही कुणाशी.

वन्संनी ओळखलं. त्यांच्या गाडीचे टायर तेव्हा झिजलेच होते, बदलायला झाले होते. कुठले घ्यायचे हे त्यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. टायरच्या दुकानात रुंद, बाजूनं पातळ, नक्षीदार टायर होते, वेगात वळण घेतलं तरी रस्ता सोडत नाहीत म्हणे. येताजाता त्या थांबून त्या टायरवर हात फिरवून यायच्या. त्या दिवशी मला म्हणाल्या, "सुमन, पितळी तांब्या घे, गंगेचं पाणी भर. काठोकाठ. आणि चल माझ्याबरोबर."

मला वाटलं पूजा असेल. वखारीत आल्यावर त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं, तांब्या मांडीवर दिला आणि म्हणाल्या, "आता तू मुग्धा आहेस. आणि हे पोटातलं बाळ. सांभाळ." मी तांब्याच्या तोंडावर लाल फडकं बांधलं आणि दोन्ही हातांनी धरून बसले. लहुराबीरच्या पुढे रस्ता खणलेला होता. दुकान येईपर्यंत फडकं गळायला लागलं, माझं लुगडं मांडीपासून घोट्यापर्यंत भिजलं. आरशातून बघून वन्सं म्हणाल्या, "बाप रे!"

दुकानात गेलो, तर आम्हाला बघून तिथली माणसं एकदम गप्प झाली. हातोडी वाजत होती ती थांबली. मालक उठला, हात जोडले, माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. हलक्या आवाजात वन्संना म्हणाला, "दीदी, घर में कौन...?" वन्संना आधी कळेना. मग माझ्याकडे बघितलं. भिजलेली, रडवेली बाई, मांडीवर लाल फडकं बांधलेला तांब्या. काशीत असा तांब्या घेऊन कोण फिरतं? वन्सं जे हसायला लागल्या ते टायरच्या ढिगाला टेकल्या. "अरे भइया, अस्थि नहीं है! पानी है, पानी! टायर जाँचने लाए हैं!" मालकही हसला, सगळे हसले. लाजेनं माझे कान तापले, पण मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

मग त्यानं नीट समजावलं. टायरची बाजू जितकी उंच, तितकी मधे हवेची गादी जाड, तितका धक्का कमी. पण उंच बाजूचा टायर बसवायचा तर चाकही लहान घालावं लागेल, आणि मग गाडीची ती पकड, तो रुबाब राहणार नाही. दुसऱ्या कुणाच्या तसल्याच गाडीची उतरवलेली लहान चाकं त्याच्याकडे होती, ती त्यानं तात्पुरती लावून दिली. तांब्या पुन्हा भरला. त्याच रस्त्यानं वन्संनी एक फेरी मारली. फडकं ओलं झालं, पण माझ्या लुगड्यावर नवीन डाग पडला नाही.

"काय वाटतं, सुमन?" त्यांनी विचारलं. मी नुसती मान हलवली. त्या उतरल्या. त्या रुंद टायरजवळ जाऊन जरा वेळ उभ्या राहिल्या, हात ठेवून, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मग वळून म्हणाल्या, "ठीक है। मोटे वाले लगा दो।"

मालक हळहळला. "दीदी, चीते को चप्पल पहना रही हैं।"

"चीते के घर में बच्चा आने वाला है," वन्सं म्हणाल्या, "अब दबे पाँव ही चलेगा।"

नवे टायर लागल्यावर मी चाकाखाली लिंबू ठेवायला निघाले, तर त्यांनी ते काढून घेतलं. "वाया घालवू नकोस, सरबत कर." आणि तांब्यात उरलेलं पाणी चारही चाकांवर थोडं थोडं ओतलं. "झाली पूजा."

रेणुकूटहून येताना मी मुग्धाजवळ मागे बसले होते. मारकुंडीचा घाट वन्सं बैलगाडीच्या चालीनं चढल्या. मागून ट्रकवाले भोंगे वाजवून वाजवून थकले. एक जण शेजारून जाताना ओरडला, "अम्मा, सो गईं क्या?" एरवी वन्संनी त्याला रॉबर्ट्सगंजपर्यंत धूळ चारली असती. त्या दिवशी फक्त हात हलवून पुढे जा म्हणाल्या. मुग्धा माझ्या खांद्यावर झोपली होती. आणि मला तेव्हा लक्षात आलं, की मला गाडी लागलेली नाही... नात काशीतच झाली. दोघी सुखरूप. घरी आणलं तेव्हा बाळाला आधी वन्संच्या मांडीवर दिलं.

मुग्धा बाळाला घेऊन परत गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, आता घाला ना तुमची जुनी चाकं." ती चाकं त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. त्या वर्तमानपत्र वाचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मग तू बसशील का गाडीत?" मी त्यांचा रिकामा कप उचलला. "मग राहू दे."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघी गाडीतून जायचो. कधी रामनगर, कधी सारनाथ, कधी नुसताच बाहेरचा मोठा रस्ता. पंचक्रोशीच्या वाटेवरची देवळं मी इतकी वर्षं काशीत राहून त्यांच्याबरोबर पहिल्यांदा पाहिली. कुठल्यातरी टपरीवर चहा घ्यायचो. चहा त्या मागायच्या, पण "चीनी कम" हे मी म्हणायचं, असा त्यांचा नियम. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा चहावाल्याला ऐकूच गेलं नाही. वन्संनी मुकाट्यानं गोडमिट्ट चहा प्यायला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी जरा मोठ्यानं."

गाडी त्यांनी मुग्धाच्या नावावर केली. चालवायला त्यांनीच शिकवलं होतं तिला. ती परवा न्यायला आली. टायर बऱ्याच वर्षांचे झालेत, बाजूला चिरा पडल्यात, बदलूनच नेते म्हणाली. रस्ता आता चांगला झाला आहे. मी म्हटलं, "थांब, मीही येते." आणि तांब्या भरून घेतला. का घेतला ते मलाही माहीत नव्हतं. जाताना माळ्यावरची चादरीतली चाकंही काढायला लावली.

दुकानाच्या मालकाचे केस पांढरे झालेत. तांब्या बघून त्यानं मला ओळखलं. "अरे, लोटे वाली भाभीजी! दीदी नहीं आईं?" मीच सांगितलं, "दीदी नहीं रहीं।" त्यानं हात जोडले. मग म्हणाला, "वही वाले दिखा दूँ? मोटे?" मुग्धा हो म्हणाली.

"नहीं," मी म्हटलं. "चौड़े वाले दिखाइए। जो दीदी को पसंद थे। पहिए हम लाए हैं।"

मुग्धा माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुला त्रास होईल."

"मला कुठे रोज बसायचंय? आणि आवळासुपारी आहे."

डबी पुढच्या कप्प्यात होती. अर्धी भरलेली, झाकण घट्ट लावलेलं.

नवे टायर लावून निघालो. मी मागे, तांब्या मांडीवर. फडकं बांधलं नव्हतं. लहुराबीरला पहिलाच खड्डा आला आणि पाणी उसळून लुगड्यावर आलं. मुग्धानं वेग कमी केला. "नको," मी म्हटलं, "बाहेरच्या मोठ्या रस्त्याला घे. जशी आत्या न्यायची तशी चालव." तिनं चालवली. गाडी गुरगुरली, पहिल्यासारखी. वळणावर मी दाराला धरून बसले, आवळासुपारी दाढेखाली दाबली, पाणी गुडघ्यांवरून ओघळत होतं, आणि मी एकदाही थांबव म्हटलं नाही.

वखारीत उतरले तेव्हा तांब्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते चारही चाकांवर ओतलं. तांब्या घरी आणला नाही. मागच्या सीटवर, माझ्या जागी ठेवला आहे.